बर्फावर फोडलेले खापर

दारव्ह्यात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही किसण्यापुरता. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकणाऱ्या या कापूसपट्ट्यात ‘हिवाळी ऑलिंपिकच्या स्पीड स्केटिंगमध्ये आपल्या मुली का दिसत नाहीत?’ असे कुणी विचारलेच, तर उत्तर तयार असते : आपल्याकडे बर्फच नाही, खेळाडू कुठून येणार? हे उत्तर इतके सोयीचे आहे की इतिहासाच्या अभ्यासकाने त्यावर आधी संशय घ्यावा. बर्फामुळे खेळाडू घडतात हे खरे असेल, तर जिथे बर्फ मुबलक होता तिथल्या स्त्रियांना ऑलिंपिकचे दार कधीच उघडायला हवे होते.

ते उघडले नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला पुरुषांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९२४ मध्ये शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. त्यातले पहिले सुवर्णपदक स्पीड स्केटिंगचेच होते, ५०० मीटरचे, आणि ते अमेरिकेच्या चार्ल्स ज्यूट्रॉने मिळवले. स्त्रियांना मात्र बर्फावर फक्त फिगर स्केटिंगची मुभा होती. डौल चालेल, वेग नको!

१९३२ मध्ये लेक प्लॅसिडला स्त्रियांच्या तीन शर्यती झाल्या, पण केवळ ‘प्रदर्शनीय’ म्हणून. ५०० मीटर कॅनडाच्या जीन विल्सनने जिंकली, १००० मीटर अमेरिकेच्या एलिझाबेथ दुबॉईसने आणि १५०० मीटर किट क्लाइनने. पदकतालिकेत या तिघींची नोंद नाही. त्या वेळी अमेरिका व कॅनडा वगळता कुणी स्त्रिया पाठवल्या नव्हत्या, हा आक्षेप नेहमी पुढे येतो. वस्तुस्थिती तशीच आहे. पण ज्या शर्यतीला पदकच नाही तिच्यासाठी अटलांटिक ओलांडण्याचा खर्च कोणता देश करील? आधी दार बंद करायचे आणि मग आत कुणी आले नाही म्हणून तक्रार करायची, असा हा न्याय आहे. जीन विल्सन १९३३ मध्ये वारली, तेव्हा ती अवघ्या तेवीस वर्षांची होती.

या अन्यायाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे नॉर्वेची लाइला शू निल्सन. १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्खेन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे स्पीड स्केटिंग प्रदर्शनापुरतेही नव्हते. मग सोळा वर्षांच्या या मुलीने पायातले स्केट उतरवले, स्की चढवले आणि अल्पाइन स्कीइंगमध्ये थेट कांस्यपदक मिळवले. आपल्या मुख्य खेळात उतरण्याची परवानगी नाही म्हणून दुसऱ्याच खेळात ऑलिंपिक पदक! त्याच वर्षी स्टॉकहोमला स्त्रियांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि ती किट क्लाइनने जिंकली. पुढच्या वर्षी दाव्होस येथे लाइला विश्वविजेती ठरली. तिथे तिने ५०० मीटरचे अंतर ४६.४ सेकंदांत कापले. हा जागतिक विक्रम १९५५ पर्यंत टिकला. म्हणजे स्पर्धक होत्या, विक्रम होते, विश्वविजेतेपदही होते. उणीव होती ती फक्त ऑलिंपिकच्या संमतीची.

ही संमती रोखून धरण्यामागे स्त्रीदेहाच्या नाजूकपणाची जुनी कल्पना होती. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटरची धावण्याची शर्यत झाली, तिच्यावर काहूर उठले आणि ती १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून गायब झाली. योगायोग असा, की स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्पीड स्केटिंगला पदके मिळू लागली तीही १९६० मध्येच. ५०० मीटरचे पहिले सुवर्ण जर्मनीच्या हेल्गा हाझेने नेले. सोव्हिएत संघाच्या लिदिया स्कोब्लिकोवाने त्या वर्षी दोन आणि १९६४ मध्ये इन्सब्रुकला चारही शर्यती जिंकल्या. तरीही लांब पल्ल्याबाबतचा संकोच गेला नाही. महायुद्धानंतरच्या जागतिक स्पर्धांत स्त्रिया ५००० मीटर पार करीत होत्या. ऑलिंपिकला ते अंतर मान्य व्हायला १९८८ चे कॅल्गरी उजाडावे लागले. १०,००० मीटरची ऑलिंपिक शर्यत आजही फक्त पुरुषांची आहे.

आता खुद्द बर्फाविषयी. स्क्वॉ व्हॅली हिमाच्छादित डोंगरांत वसलेली. तरी तिथली स्केटिंगची धावपट्टी यंत्राने गोठवलेली होती. नेदरलँड्समध्ये गोठलेल्या कालव्यांवरची अकरा शहरांची प्रसिद्ध शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही, कारण बर्फ पुरेसा जाड होत नाही. त्याच देशाने २०१४ मध्ये सोचीला स्पीड स्केटिंगच्या ३६ पैकी २३ पदके पटकावली. ती कालव्यांनी दिली नाहीत. ती दिली छताखालच्या कृत्रिम धावपट्ट्यांनी आणि त्यांवर वर्षानुवर्षे झालेल्या खर्चाने.

उष्ण प्रदेशाचे कारणही टिकत नाही. २०२२ मध्ये बीजिंगला ५०० मीटरचे सुवर्ण जिंकणारी एरिन जॅक्सन अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. चाकांच्या स्केटवर वाढलेली ही खेळाडू बर्फावरच्या काही महिन्यांच्या सरावावर २०१८ च्या ऑलिंपिकसाठी पात्र ठरली होती. महाराष्ट्रात हाच मार्ग पुण्याच्या श्रुती कोतवाल यांनी धरला. रोलर स्केटिंगमधून त्या बर्फावर गेल्या, सरावासाठी परदेश गाठला आणि २०१७ च्या साप्पोरो आशियाई हिवाळी स्पर्धेत भारतातर्फे उतरल्या. जॅक्सनच्या मागे एक उभी व्यवस्था होती. कोतवाल यांच्या देशात चारशे मीटरची कृत्रिम बर्फाची एकही धावपट्टी नाही.

त्याहून लहान रिंक मात्र होती. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेली बंदिस्त रिंक स्पर्धा संपल्यावर वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि तिथे छोट्या धावपट्टीवरच्या स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धाही पार पडली. ती भरली होती ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात.