साहेब, तेवढं बोलून पाठवा

"काय धांदरट पोरगी आहे!" हे वाक्य प्रत्येक घरात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला आलेलं असतं. सांगितलेल्या चार कामांतली दोन विसरते, ६ चा ९ लिहिते, गोंगाटात गेली की गोंधळून जाते. पूर्वी यावर एकच औषध होतं, पाठीत धपाटा. आता डॉक्टरांकडे नावं आहेत. अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, स्वमग्नता. यात बुद्धी कमी असतेच असं नाही. माहिती घ्यायची आणि डोक्यात ठेवायची त्या मेंदूची रीत वेगळी असते, एवढंच.

महाराष्ट्र सरकारनं १९९६ साली अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक वगैरे. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला आणि घराघरात डोळे पुसले गेले. सवलत मिळालेली ती सुरुवातीची मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, नोकऱ्या करताहेत. पण मला सांगा, दहावीचा निकाल लागला म्हणून मेंदू बदलतो का? शाळेच्या फाटकापर्यंत सवलत आणि पुढे कामावर तोच जुना धपाटा, फक्त आता तो साहेबाच्या तोंडून!

आमचं आरोंदा सिंधुदुर्गाच्या अगदी टोकाला. तेरेखोलची खाडी ओलांडून किरणपाणीला गेलं की गोवा. इथल्या कितीतरी मुली रोज पलीकडे कामाला जातात. त्यातलीच एक हॉटेलात खोल्या आवरायला होती. सकाळी सुपरवायझर उभ्या उभ्या दहा-बारा सूचना सांगायचा. कुठल्या खोलीत जादा गादी, कुठे पाहुणे झोपलेत म्हणून जायचं नाही, कुठे टॉवेल बदलायचे. हिच्या डोक्यात पहिल्या तीन राहायच्या. "सगळा एकदम सांगल्यार माका कायच आठवणा नाय," ती मला म्हणाली. लिहून दिलं तर वाचताना अक्षरं नाचतात, तेही जमेना. शेवटी धीर करून तिनं विचारलं, साहेब, तेवढं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवाल का? उत्तर मिळालं, "तुझ्यासाठी वेगळा नियम कशाला?" मग कपड्यांच्या खोलीतली तिची मैत्रीण सूचना ऐकून लगेच आपल्या आवाजात तिला पाठवू लागली. ही कानाला फोन लावून एकेका खोलीपाशी पुन्हा ऐकायची. कामातल्या चुका जवळजवळ थांबल्या. खर्च शून्य.

'कर्मचाऱ्यांसाठी सर्वसमावेशक तंत्रज्ञान' असं कुणी म्हटलं की आपल्याला वाटतं, हे काहीतरी बेंगळुरूचं प्रकरण असणार. तेही खरं आहे. एसएपी या संगणक कंपनीनं स्वमग्न माणसांना नोकरी देण्याचा कार्यक्रम २०१३ मध्ये जाहीर केला, त्याचा आधीचा प्रयोग बेंगळुरूलाच झाला होता. डेन्मार्कमध्ये तर २००४ साली थोरकिल सोन्ने यांनी स्वमग्न मुलाचा बाप म्हणून अशी कंपनीच काढली. पण या गोष्टींमुळे एक गैरसमज पसरला, की स्वमग्न म्हणजे संगणकातला जादूगार. सगळे तसे नसतात हो! म्हणून मला मुंबईतल्या जुहूच्या 'कॅफे अर्पण'चं जास्त कौतुक वाटतं. सुषमा नगरकर आणि आशयता महाजन यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टनं २०१८ मध्ये ते सुरू केलं. स्वयंपाकघरात आणि टेबलापाशी काम करणारी माणसं स्वमग्न, डाऊन सिंड्रोम असलेली किंवा बौद्धिक अक्षमता असलेली. चहा, सँडविच, गिऱ्हाइकाशी बोलणं, आपल्या ओळखीचीच कामं.

उलटं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांना 'पोषण ट्रॅकर' भरायला सांगितलं. ॲप इंग्रजीत, हातातले सरकारी मोबाईल कमी ताकदीचे. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी ते मोबाईल परत केले. तेव्हा माझ्या मनात आलं, ही अडचण हजारो जणींची होती म्हणून तिला आंदोलन म्हणाले. एकटीची असती तर? "हिला जमत नाही" म्हणून फाईल बंद! ज्या सेविकेला मराठी अक्षरंसुद्धा उलटसुलट दिसतात, तिची अडचण ॲप मराठीत आणूनही संपत नाही. तिला ते वाचून दाखवणारा आवाज हवा आणि बोलून भरता येणारा रकाना हवा.

ते फार अवघडही नाही. मराठीत बोललेलं टाईप करण्याची सोय अँड्रॉईड फोनमध्ये २०१७ पासून आहे. मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाजही आहे. बोलता न येणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत 'जेलो' नावाचं चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप तयार झालं, ते फुकट मिळतं. पतसंस्थेच्या संगणकावर गावाचं नाव दरवेळी टाईप करायला लावण्याऐवजी यादीतून निवडायला दिलं तर स्पेलिंगची चूक होईलच कशी? आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या चाळीस फुलांमध्ये कामाची सूचना शोधायची म्हणजे चांगल्या चांगल्यांचं डोकं फिरतं. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, हे सांगायला काही तज्ज्ञ लागत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ७ ऐवजी २१ प्रकार धरले. त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का या आणि अशा आणखी काही प्रकारांना मिळून आहे. खासगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. पण अतिचंचलतेचं नाव त्या २१ मध्ये नाही. शिवाय प्रमाणपत्र काढायचं म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे, आणि गावात त्याची चर्चा. मैत्रिणींनो, खरी अडचण इथे आहे. पंचविशीच्या मुलीची आई मला स्पष्टच म्हणाली, "कागद काढला तर तिचं लग्न कोण करणार?" तिला मी काय शहाणपण शिकवणार!

म्हणून माझं म्हणणं असं, की या सोयी कागद न मागता सगळ्यांनाच द्याव्यात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार यांच्या खटल्यात लेखनिकाचा हक्क ४० टक्के अपंगत्वाच्या अटीतून मोकळा केला. तो निकाल परीक्षेपुरता असला तरी त्यातला विचार कामाच्या जागीही लागू व्हायला हवा. सूचना बोलूनही पाठवली तर ज्यांना गरज नाही त्यांचं काय बिघडतं?

आणि साहेब म्हणजे नेहमी पुरुषच असं नाही. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे आपल्याच बायका काजूचे छोटे कारखाने चालवतात, हाताखाली आठ-दहा जणी असतात. प्रतवारीत २४० नंबर म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत गर, ३२० म्हणजे त्याहून बारीक. नव्या मुलीला हे आकडे तोंडी सांगून पाठ करायला लावतात, आणि चुकली की ओरडा. त्याऐवजी टेबलाच्या कडेला प्रत्येक नंबरचा खरा गर चिकटवलेलं एक कार्ड लावा. वर मोबाईलवर काढलेला मोठा फोटो, खाली आकडा. पावसाळ्यात गर खराब झाला की बदलायचा.