उकळण्याआधी दूध थंड व्हायला हवे

‘दूध उकळूनच पितो, मग भीती कसली?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो आणि गावच्या दूध संकलन केंद्रावरही. उकळल्याने बहुतेक रोगजंतू मरतात, हे खरेच. पण त्या जंतूंनी आधीच दुधात सोडलेले विष उकळून नाहीसे होईलच असे नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कासदाह झालेल्या जनावराच्या दुधात असतो, तसाच धार काढणाऱ्याच्या हातावरील पिकलेल्या जखमेतही. दूध तासन् तास कोमट राहिले की तो वाढतो आणि विष तयार करतो. हे विष पोटात गेल्यावर काही तासांतच उलट्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात.

जपानमध्ये २००० साली याचा मोठा धडा मिळाला. एका दूध पावडर कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली आणि दूध कोमट अवस्थेत पडून राहिले. त्याच्या पावडरीपासून बनवलेले दुग्धपदार्थ खाऊन-पिऊन १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. पावडर करताना दिलेल्या उष्णतेने जंतू मेले होते, विष मात्र शिल्लक होते.

धार काढल्यावर दूध ३७-३८ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला काही जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात. म्हणजे चार तासांत एकाचे २५६. ताज्या दुधातील नैसर्गिक संरक्षक घटक आपल्याकडच्या उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन तास पुरतात. त्यामुळे दूध शक्य तितक्या लवकर ४ अंशांपर्यंत उतरवणे हाच खरा उपाय. अनेक केंद्रांवर बल्क कूलर आहेत, पण सकाळच्या थंड दुधात संध्याकाळचे गरम दूध ओतले की टाकीतील सगळेच दूध कोमट होते. टाकीआधी प्लेट चिलर असेल तर दूध वाटेतच थंड होते.

ब्रिटनमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ मध्ये पुढे आणलेले हे यंत्र साधे आहे. स्टीलच्या पातळ, नागमोडी पत्र्यांमधून एका फटीत दूध आणि शेजारच्या फटीत उलट दिशेने थंड पाणी वाहते. बिअर बनवणारेही उकळलेला माल्टचा काढा असाच झटपट थंड करतात. हौशी मंडळी त्यासाठी जे छोटे चिलर वापरतात, त्यांचे पत्रे बहुधा कायमचे जोडलेले असतात आणि आतली घाण दिसत नाही. दुधासाठी तसे यंत्र नकोच. पत्रे सुटे करून तपासता येतील, रबरी गास्केट बदलता येतील, असाच चिलर घ्यावा. त्याची क्षमता दिवसभराच्या संकलनावर न ठरवता गर्दीच्या तासाला येणाऱ्या लिटरवर ठरवावी. विहिरीचे पाणी २५ अंशांचे असेल तर दूध त्याहून खाली जाणार नाही. पुढच्या टप्प्यासाठी बर्फासारखे गार केलेले पाणी लागते आणि वीज गेल्यावर जनरेटरही. हे पाणी पिण्यायोग्यच हवे, कारण गास्केट गळले तर ते दुधात मिसळते.

यंत्र बसवले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. दूध आधी गाळून घ्यावे. काम संपताच चिलर कोमट पाण्याने धुवावा. सुरुवातीलाच कढत पाणी सोडले तर दुधातील प्रथिने पत्र्याला चिकटून बसतात. मग गरम अल्कली द्रावण आणि पुन्हा स्वच्छ पाणी. ठरावीक दिवसांनी आम्लाने धुऊन क्षारांचा थर काढावा. दुसऱ्या दिवशी वापरण्यापूर्वी निर्जंतुकीकरण करावे. न धुतलेल्या चिलरमधून दूध थंड होऊन बाहेर पडेल, पण जंतू सोबत घेऊनच.

दुधाचा दर आज मुख्यतः फॅट आणि एसएनएफवर ठरतो. स्वच्छ हातांनी धार काढून तासाभरात दूध पोहोचवणाऱ्याला त्याचा वेगळा मोबदला क्वचितच मिळतो. मिथिलीन ब्लू चाचणी स्वस्त आहे आणि दुधातील जंतूंचा ढोबळ अंदाज देते. तिच्या निकालावर लिटरमागे थोडा जादा दर दिला, तर चिलरचा आणि तो धुण्याचा खर्च कुणाला ओझे वाटणार नाही. चिलरच्या खरेदीसाठी अनुदान द्यायचेच असेल, तर त्यात साफसफाईची रसायने, गास्केट आणि ते काम करणाऱ्या माणसाचा पगारही धरावा. घरातल्या गॅसवर दूध उतू जाईपर्यंत उकळणाऱ्या आईने तिचे काम चोख केलेले असते. तिच्या आधीच्या साखळीनेही ते करायला हवे.