पत्र्याखाली काय ऐकू येतं?

‘भिंती रंगवून मुलं हुशार होत नाहीत’ हे पत्र वाचलं. रंगरंगोटीच्या बिलांपुरतं पटलंही. पण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा नावारूपाला आल्या, त्या नुसत्या नटव्या भिंतींमुळे नव्हे. तिथे फरशीवर अक्षरं-अंक आखले, मुलांच्या उंचीला तळफळे केले. मूल बसल्या जागी लिहितं, चुकलं की तळव्यानेच पुसतं. छताजवळ टांगलेल्या तक्त्याला हात कोण लावणार?

‘चांगला शिक्षक झाडाखालीही शिकवतो’ म्हणे! पत्रलेखकांनी जुलैत पत्र्याच्या वर्गात बसून पाहावं. गुरुजी घसा ताणून पाढे सांगतात, मागच्या रांगेला ऐकू येतो तो फक्त पाऊस. मार्च-एप्रिलमध्ये तोच पत्रा तापतो. रंगाचे पैसे वाचवायचेच असतील तर आधी पत्र्याखाली आतलं छत घाला.

– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण