वाघ दिसला का?

ताडोब्याच्या जंगलास भेट देऊन परत आलेल्या मनुष्यास त्याचे आप्तेष्ट बहुधा एकच प्रश्न विचारतात : "वाघ दिसला का?" उत्तर होकारार्थी असेल, तर ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारतात. नकारार्थी असेल, तर "अरेरे! म्हणजे फेरी फुकटच गेली म्हणावयाची," असे सांत्वन त्याच्या वाट्यास येते. जणू त्या विस्तीर्ण अरण्यात वाघाखेरीज पाहण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. आणि जणू वाघ हा ठरल्या वेळी रंगभूमीवर यावयाचा नट असून त्याने ऐन वेळी प्रयोग बुडविला! प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याच्या पोटी जी वृत्ती दडलेली आहे, ती वाघाच्या, रानाच्या आणि रानाकाठी राहणाऱ्या माणसांच्या मुळावर येऊ पाहत आहे, असे माझे मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडावयाची आहेत.

प्रथम या अरण्याची थोडी ओळख करून घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९५५ साली ते स्थापन झाले. पुढे १९८६ साली शेजारच्या अंधारी नदीच्या खोऱ्यातील जंगलास अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि कालांतराने दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असून त्याभोवती त्याहून मोठे असे बफर क्षेत्र पसरलेले आहे. 'ताडोबा' हे नाव कसे पडले, याविषयी तेथील आदिवासींमध्ये एक आख्यायिका सांगितली जाते. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजता झुंजता धारातीर्थी पडला. लोकांनी त्याला देव मानले आणि तलावाकाठी त्याचे ठाणे केले. त्या ठाण्यापाशी पौष महिन्यात यात्रा भरत असे. म्हणजे या रानाच्या नावातच माणूस आणि वाघ यांची गाठ पडलेली आहे. ती गाठ आदराची आहे, तशी भयाचीही आहे. करमणुकीची मात्र ती कधीच नव्हती.

या रानात साग, ऐन, धावडा, मोह आणि तेंदू यांचे वृक्ष आहेत. बांबूची बेटे आहेत. सालीच्या पांढुरकेपणामुळे रात्री दचकविणारे 'भुताचे झाड' आहे. गव्यासारखा धिप्पाड, पण लाजाळू प्राणी येथे कळपाने चरतो. सांबर, चितळ, भेकर, नीलगाय, अस्वल, बिबट्या आणि टोळीने शिकार करणारी रानकुत्री यांचेही हे घर आहे. तलावाच्या काठावर मगर निश्चल पडून असते. पक्ष्यांची तर गणतीच नको. उन्हाळा सरता सरता दूरदेशीहून येणारा नवरंग आपल्या शिळेने सारे रान जागे करतो. एवढे सारे डोळ्यांपुढे असता, "काही दिसले नाही हो!" असे म्हणत जो परत येतो, त्याची कीव करावी तेवढी थोडीच. समुद्रावर जाऊन "देवमासा दिसला नाही, म्हणून समुद्र पाहिला नाही," असे म्हणणाऱ्यात आणि त्याच्यात अंतर ते काय?

वाघ सहसा का दिसत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. वाघ हा एकांतप्रिय प्राणी आहे. तो आपला मुलूख ठरवितो, झाडांच्या बुंध्यांवर नखांचे ओरखडे काढून आणि आपला गंध मागे ठेवून त्या मुलखाच्या सीमा राखतो. त्याच्या अंगावरील पट्टे आपल्याला उठावदार वाटतात. परंतु वाळलेल्या गवतात आणि बांबूच्या सावल्यांत तेच पट्टे त्याला अदृश्य करतात. दिसू नये हीच त्याची विद्या आहे आणि या विद्येवरच त्याचे पोट आहे. सावजास चाहूल लागली, की संपले! तो ज्या झडपा घालतो त्यांपैकी बहुतेक वाया जातात. वाघीण तर आपल्या पिल्लांस दीड-दोन वर्षे सांभाळते, शिकारीचे धडे देते आणि मगच त्यांस स्वतंत्रपणे वावरू देते. एवढ्या कष्टाने चाललेला हा संसार आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या गाडीसमोर येऊन उभा राहावा, ही अपेक्षाच मुळी अडाणीपणाची नाही काय?

जे वाघ पाहत नाहीत, त्यांनाही वाघ भेटू शकतो. मात्र त्यासाठी रान वाचता आले पाहिजे. पहाटे धुळीच्या वाटेवर उमटलेला पंजा पाहून तेथील मार्गदर्शक सांगतो, की येथून रात्री वाघीण गेली आणि तिच्या मागोमाग पिल्लेही गेली. एकाएकी झाडाच्या शेंड्यावरून वानर खकारू लागते. खाली चरणारे चितळ माना उंचावून तीक्ष्ण आवाजात इशारा देतात. या दोघांची मैत्री मोठी गमतीची आहे. वानराची नजर दूरवर पोहोचते, चितळाचे नाक तिखट असते; वानर खाताना जो पाला खाली टाकते तो चितळास मिळतो आणि संकटात एकाची हाक दुसऱ्याच्या उपयोगी पडते. मग सांबर पाय आपटून 'पोंक' असा गंभीर आवाज काढते आणि मार्गदर्शकाचा चेहरा बदलतो, कारण सांबर सहसा खोटी हाक देत नाही. क्षणभर सारे रान श्वास रोखून उभे राहते. वाघ जवळच कोठेतरी असतो. तो दिसेल किंवा दिसणारही नाही. परंतु ज्याने ही शांतता अनुभवली, त्याला वाघ म्हणजे काय, हे कळले नाही असे कोण म्हणेल?

उलट, 'दिसलाच पाहिजे' हा हट्ट धरला, म्हणजे काय होते, ते आपण डोळ्यांनी पाहत आहोत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच पिल्लांसह रस्त्यावर आली असता प्रवाशांच्या गाड्यांनी तिची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. वर्षाचा शेवटचा दिवस, सुट्टीचा उत्साह आणि हाती छायाचित्रे काढण्याची साधने. मग काय विचारता! त्या दृश्याच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. दोष कोणाचा, असे विचारले, तर आपण चटकन चालकाकडे आणि मार्गदर्शकाकडे बोट दाखवितो. नियम मोडले त्यांनीच, हे खरे. पण "थोडी पुढे घ्या, थोडी आणखी पुढे घ्या," असे मागून कोण म्हणत होते? वाघ दाखविला तर बक्षिसी आणि न दाखविला तर आंबट तोंड, ही रीत कोणी पाडली? गावातल्या गरीब तरुणास आपल्या हट्टाने नियम मोडावयास लावावयाचे आणि मग शिक्षा मात्र त्याने भोगावयाची, हा न्याय नव्हे.

यावर काही जण म्हणतात, "आम्ही पैसे मोजले आहेत." होय, मोजले आहेत, परंतु कशाचे? प्रवेशाचे, गाडीचे आणि मार्गदर्शकाच्या श्रमांचे. वाघाने त्यातला एक पैसाही घेतलेला नाही आणि त्याने कोणास शब्दही दिलेला नाही. विकत घेतलेली वस्तू आणि पाहुणा म्हणून मिळालेला प्रवेश यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊ नये हे बरे.

याच्या उलट टोकाचे मतही ऐकू येते. माणसांचा एवढा उपद्रव होत असेल, तर जंगले प्रवाशांस कायमचीच बंद करावीत, असे काही निसर्गप्रेमी म्हणतात. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील पर्यटनास तात्पुरती बंदी घातलीही होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे ठरली आणि बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असावे, असे त्यांत सांगितलेले आहे. मला हा मध्यम मार्ग योग्य वाटतो. मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांजवळच्या गावांतील कित्येक घरांच्या चुली आज या प्रवाशांमुळे पेटतात. ज्या तरुणाचे पोट जिवंत वाघावर अवलंबून आहे, तो वाघाचा शत्रू होणार नाही. शिवाय जे पाहिले नाही, त्याविषयी प्रेम तरी कसे उत्पन्न व्हावे? म्हणून दार बंद करण्याची आवश्यकता नाही. दारातून आत कसे जावे, हे मात्र शिकले पाहिजे.

आणि हे शिकताना एक गोष्ट कधीही विसरता कामा नये. आपण वाघ पाहण्यासाठी पैसे देतो. रानाकाठची माणसे वाघ जगावा म्हणून त्याहून फार मोठे मोल देतात. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे या रानातून बाहेर हलविण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, देवळे आणि शेते सोडून ती माणसे दुसरीकडे गेली. ज्या अंगणांत मुले खेळत, तेथे आता गवताळ कुरणे आहेत आणि चितळांचे कळप चरतात. त्या कुरणावर आपली गाडी थांबते, तेव्हा आपण कोणाच्या तरी अंगणात उभे आहोत, याची आठवण किती जणांस होते?

गाभ्याबाहेरच्या माणसांची स्थिती तर याहून कठीण आहे. चैत्रात मोहफुले वेचावयाची आणि वैशाखात तेंदूपाने तोडावयाची, यावर तेथील गरिबांच्या वर्षाच्या बेगमीचा मोठा भाग अवलंबून असतो. दोन्ही कामे भल्या पहाटे, वाकून, झुडपांतून करावी लागतात. आणि वाघाच्या हिंडण्याफिरण्याची वेळही तीच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्या पहाटे आपण गाडीत सुरक्षित बसून "वाघ दिसू दे" अशी प्रार्थना करतो, त्याच पहाटे कोणी माउली "आज वाघ दिसू नको देऊ" असे म्हणत रानात शिरते. एकाच रानात, एकाच वेळी केलेल्या या दोन प्रार्थना आहेत. पहिली करणाऱ्याने दुसरीचे स्मरण ठेवावे, एवढी माणुसकी आपल्यापाशी असावयास हवी.

वाघ वाचविण्याच्या कामी आपल्या देशाने मोठा पराक्रम केला आहे, यात शंका नाही. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला, तेव्हा निवडलेल्या ९ अरण्यांत आपले मेळघाट होते. तरीही २००६ च्या गणनेत देशभरात अवघे १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत तो आकडा सरासरी ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रातील वाघ १०३ वरून ४४४ झाले. परंतु वाघ वाढले, तशी रानाची जमीन वाढली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, रस्ते आहेत, शेते आहेत. आणि तरुण झालेल्या वाघास आपला मुलूख शोधण्यासाठी यांमधूनच वाट काढावी लागते. तेव्हा वाघाचे पुढचे भवितव्य वनाधिकाऱ्यांच्या हाती आहे, तेवढेच त्याच्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या सहनशीलतेवर अवलंबून आहे. त्याच्या मेलेल्या गुराची भरपाई वेळेवर मिळणे, त्याच्या घरी चुलीसाठी सरपणाऐवजी दुसरे इंधन पोहोचणे, प्रवाशांनी दिलेल्या पैशातला वाटा त्याच्या गावास मिळणे, या गोष्टी छायाचित्रात येत नाहीत. वाघ मात्र त्यांच्यामुळेच जगतो.

मग रानात जावे कसे? आपल्या महाराष्ट्राला याचे उत्तर दूर शोधावयास नको. आषाढीस लक्षावधी वारकरी पायी पंढरपुरास जातात. गर्दी एवढी, की सर्वांना गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. कित्येक जण चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीशी माथा टेकतात, दुरूनच कळसाला हात जोडतात आणि समाधानाने गावची वाट धरतात. "विठोबा भेटला नाही, वारी फुकट गेली," असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही. धुळीत उमटलेला पंजा आणि सांबराची हाक हे रानातले कळसदर्शनच होय. जो ते घेऊन तृप्त होऊ शकतो, तो चालकास घाई करीत नाही, गाडीतून आरडाओरडा करीत नाही, वाघिणीची वाट अडवीत नाही. आणि भाग्याने वाघ समोर आलाच, तर काही क्षण पाहून त्याला त्याच्या वाटेने जाऊ देतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण पुढेमागे ताडोब्यास, मेळघाटास किंवा पेंचच्या रानात जातील. जाण्यापूर्वी तेथील चार झाडांची आणि दहा पक्ष्यांची नावे शिकून जा. मार्गदर्शकास वाघाखेरीजही काही विचारा. त्याचे गाव कोणते, त्याच्या शेतात काय पिकते, वाघाविषयी त्याची आजी काय सांगत असे, तेही विचारा. त्याच्यापाशी रानाचे जे ज्ञान आहे, ते तुमच्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. वाघ दिसो वा न दिसो, परतताना त्याचे आभार माना. आणि तुमचा एखादा मित्र रानातून परत आला, तर "वाघ दिसला का?" असे न विचारता, "रानात काय काय पाहिलेस?" असे विचारा. हा प्रश्न ऐकण्याची सवय झाली, म्हणजे पाहण्याचीही सवय होईल; आणि ज्या समाजास रान पाहता येते, त्या समाजास ते राखण्याची बुद्धीही सुचते.