प्रयोगवही : सा कुठे घसरतो?



गणपतीचे विसर्जन झाले की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमासाठी गानवृंदाच्या तालमी, आणि दुसरी म्हणजे हायस्कूलमधल्या मुलांची सायन्स फेअरची धावपळ. यंदा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. मंडळातल्या अकरावीच्या एका मुलीला आपल्या गानवृंदावरच प्रकल्प करायचा आहे, आणि "तुम्ही पीएच.डी.वाल्या, तुम्हीच बघा" असे म्हणून समितीने तो विषय माझ्याकडे सोपवला आहे. मी रसायनशास्त्राची, गाण्यात माझी गती आरतीपुरती. पण प्रयोगाची आखणी भट्टीजवळ करा नाहीतर तानपुऱ्याजवळ, तिचे नियम तेच. आम्ही दोघींनी मिळून कागदावर जे मांडले ते इथे देत आहे. आज ना उद्या ही वेळ तुमच्याही घरी येणार आहे.

प्रश्न लहान करा

मुलीची पहिली कल्पना मोठी होती : "गाण्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते का?" कल्पना हवेतली नाही. जर्मनीत गुंटर क्रॉइट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एका हौशी गानवृंदावर असाच अभ्यास प्रसिद्ध केला. मंडळींनी एकदा मोझार्टचे 'रेक्विएम' गायले आणि आठवड्याने तेच नुसते ऐकले. दोन्ही वेळी आधी व नंतर लाळेचे नमुने घेतले. गायल्यावर लाळेतले इम्युनोग्लोब्युलिन ए हे प्रथिन वाढले होते, ऐकल्यावर तसे दिसले नाही.

मग आपण का नाही करायचे? कारण लाळ जमवणे सोपे, मोजणे अवघड. नमुने लगेच गोठवावे लागतात, तपासणीचे किट महाग असते, आणि शालेय स्पर्धेच्या नियमांत माणसाच्या शरीरातले द्रव हा वेगळ्या परवानगीचा विषय आहे. शिवाय लाळ पातळ की घट्ट, नुकताच चहा घेतला की नाही, यावरही आकडा हलतो. घरच्या गॅरेजमध्ये हे जमणारे नाही. ज्याचे उत्तर आपल्या हातातल्या साधनांनी मिळू शकते, तोच प्रश्न आपला.

दुसरी कल्पना गानवृंदातल्याच काकूंच्या तक्रारीतून निघाली : "वाद्य थांबले की आपले सगळे हळूहळू खाली येतात." म्हणजे सुरुवातीला धरलेला सा गाणे संपेपर्यंत उतरतो. हा प्रश्न लहान आहे, मोजता येतो, आणि त्याचे उत्तर गानवृंदालाही हवे आहे. तो असा लिहिला : गाणे चालू असताना तानपुरा ऐकू येत राहिला, तर शेवटचा सा कमी घसरतो का?

या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकात बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने दाखवून दिले होते की अनेक स्वरांत एकत्र गाणाऱ्यांनी प्रत्येक मेळ अगदी शुद्ध ठेवला, तर काही स्वररचनांत मूळ पट्टीच सरकत जाते. अलीकडे २००७ साली इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या डेव्हिड हॉवर्ड यांनी चौघांच्या गायनात हे सरकणे मोजले. आपण मात्र सगळे एकाच स्वरात गातो, त्यामुळे हे कारण आपल्याला लागू होत नाही. आपले कारण दमसास असेल, थकवा असेल, किंवा शेजाऱ्याचा आवाज इतका मोठा असेल की स्वतःचा ऐकूच येत नसेल. कारण कोणते हे या प्रकल्पातून कळणार नाही. तानपुऱ्याने फरक पडतो की नाही, एवढेच कळेल. तेवढे पुरे आहे.

मोजायचे कसे

स्वरातले अंतर सेंटमध्ये मोजतात. एका सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. तयार कानाला पाच-दहा सेंटचा फरक कळतो. दोन कंपनसंख्यांचा भागाकार करायचा, त्याचा २ या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि १२०० ने गुणायचे. उदाहरणार्थ, काळी चारचा सा २०७.७ हर्ट्झवर धरला आणि शेवटी तो २०२ वर आला, तर घसरण सुमारे ४८ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. हे गणित अकरावीच्या अभ्यासक्रमातलेच आहे.

कंपनसंख्या काढण्यासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा ध्वनिशास्त्रज्ञांनी तयार केलेली 'प्राट' नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते. पण ती एका वेळी एकच आवाज नीट ओळखते. तीस जणांचा एकत्रित आवाज दिला तर ती गोंधळते, कारण तीस जणांचा सा म्हणजे एक रेघ नसते, जाड पट्टा असतो. म्हणून सहा स्वयंसेवक गायकांना कॉलरला लावायचे छोटे मायक्रोफोन द्यायचे. तोंडाजवळ असल्यामुळे त्यात स्वतःचा आवाज मोठा आणि शेजाऱ्यांचा लहान येतो. सहा आकड्यांची सरासरी म्हणजे त्या एका गायनाचा एक आकडा.

इथे एक खाच आहे, आणि तिच्यात मोठमोठे लोक अडकतात. सहा जण आठ वेळा गायले म्हणून आपल्याकडे अठ्ठेचाळीस स्वतंत्र मापे झाली असे नाही. सगळे एकमेकांना ऐकत गातात. एक उतरला की बाकीचेही उतरतात. एका हंडीतल्या भाताची सहा शिते तपासली म्हणून सहा हंड्या तपासल्या असे होत नाही. गायन हे एकक धरायचे, गायक नव्हे.

तुलना दोन प्रकारांची. प्रकार अ : तानपुरा शेवटच्या ओळीपर्यंत वाजतो, मग बंद. प्रकार ब : तानपुरा पहिल्या ओळीनंतर बंद. दोन्ही प्रकारांत शेवटचा सा तानपुऱ्याशिवायच येतो, त्यामुळे प्राटला अडथळा होत नाही. मोजणाऱ्या मुलीच्या हाती फक्त त्या शेवटच्या साचा तुकडा द्यायचा, तोही दुसऱ्या कोणी नाव पुसून, क्रमांक घालून. मग हा तुकडा अ चा की ब चा हे तिला मोजताना कळणारच नाही. आपल्याला हवा तोच आकडा आपल्याला दिसतो, हा माणसाचा स्वभाव आहे. त्यावर हाच उपाय.

पेटी या अर्ध्या तासापुरती बाजूला ठेवायची, नाहीतर तानपुरा बंद असतानाही पेटी सा देतच राहील. तबला चालेल.

नेहमी आधी अ आणि मग ब गायले, तर ब च्या वेळी मंडळी दमलेली असतील आणि दोष तानपुऱ्याच्या नसण्याला जाईल. म्हणून क्रम आलटून पालटून. चार तालमी, प्रत्येक तालमीत दोन गाणी, प्रत्येक गाणे एकदा अ आणि एकदा ब. अशा आठ जोड्या होतात. त्यांतल्या चार जोड्यांत अ आधी, चारांत ब आधी. नुसत्या नशिबाने आठही जोड्या एकाच ठरावीक बाजूला झुकण्याची शक्यता २५६ मध्ये १. आठांपैकी किमान सात झुकण्याची २५६ मध्ये ९, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के. चारच जोड्या घेतल्या असत्या तर चारही झुकूनसुद्धा शक्यता १६ मध्ये १ उरली असती, आणि कोणी विश्वास ठेवला नसता. "किती वेळा गायचे?" या प्रश्नाचे उत्तर असे आधी काढायचे असते. तालमी संपल्यावर काढून उपयोग नाही.

भीड

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो यंत्रांचा नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या शालेय विज्ञान स्पर्धेच्या, म्हणजे आयसेफच्या नियमांप्रमाणे माणसांवरचा असा अभ्यास सुरू करण्याआधी, अगदी कोणाला "तुम्ही भाग घ्याल का" असे विचारण्याआधी, परीक्षण समितीची मंजुरी लागते. शाळेच्या पातळीवर या समितीत किमान तीन जण असतात : एक शिक्षक, एक शाळेतला प्रशासक, आणि शारीरिक-मानसिक धोका समजणारी डॉक्टर किंवा नर्ससारखी व्यक्ती. मुलीचे आईवडील किंवा प्रकल्पाला मार्गदर्शन करणारी व्यक्ती त्या समितीत बसू शकत नाही. म्हणजे मीही नाही. अठराच्या आतल्या गायकांची स्वतःची संमती हवी आणि पालकांचीही.

कागदावर हे सगळे ठीक आहे. पण आपल्या मंडळात "नाही" म्हणणे किती कठीण आहे ते आपण जाणतो. मुलीची आई गानवृंदात गाते. ज्या काकूंनी तिला लहानपणी सांभाळले त्या दुसऱ्या ओळीत उभ्या असतात. त्यांनी सही केली तर ती संमती की भीड? आणि सहा मायक्रोफोनपैकी एक सत्तरीच्या मावशींच्या कॉलरला लागला, त्यांचाच सा सगळ्यांत जास्त घसरला, आणि ते उद्या पॉटलकच्या रांगेत कोणी हसत हसत बोलून दाखवले, तर? तीस माणसांच्या गानवृंदात नाव झाकले म्हणून माणूस झाकला जात नाही. "सर्वांत ज्येष्ठ गायिका" एवढे लिहिले तरी पुरते. ज्या मावशी परदेशात येऊन आठवड्यातून एकदा मोकळेपणी गातात, त्यांनी या प्रकल्पामुळे गाणे सोडले, तर पहिले बक्षीस मिळूनही आपण हरलो.

म्हणून आम्ही असे ठरवले. रेकॉर्डिंग तालीम संपल्यावर वेगळ्या अर्ध्या तासात होईल. ज्यांना नको असेल ते चहा घेऊन घरी जातील, कारण विचारले जाणार नाही. संमतिपत्र मराठीत आणि इंग्रजीत असेल. ते मुलीने किंवा तिच्या घरच्यांनी गोळा करायचे नाही. सही केलेले आणि कोरे, दोन्ही कागद घडी घालून एकाच खोक्यात पडतील. मधेच माघार घेता येईल. प्रत्येक गायकाचा वेगळा आकडा फलकावर येणार नाही, फक्त सरासरी येईल. स्पर्धा संपली की ध्वनिफिती पुसल्या जातील. आणि निकाल परीक्षकांना दिसण्याआधी गानवृंदाला सांगितला जाईल.

आईबाबांसाठी चार शब्द

कॉलेजचे अर्ज समोर असतात, काळजी वाटते, हे मान्य. पण परीक्षक फलकापाशी येतात तेव्हा तिथे मूल एकटे उभे असते. "क्रम आलटून पालटून का ठेवला?" या प्रश्नाला "बाबा म्हणाले" हे उत्तर चालत नाही. रोजची नोंदवही मुलीच्या हस्ताक्षरात हवी, खाडाखोडीसकट. आईबाबांनी गाडी चालवावी, सह्या कराव्यात, चहा करावा. आकडे तिला मोजू द्यावेत.

वेळापत्रक साधारण असे : सप्टेंबरमध्ये प्रश्न आणि अर्ज, ऑक्टोबरमध्ये मंजुरी. तोपर्यंत मायक्रोफोन आणि प्राटची परीक्षा मुलीने स्वतःच्याच आवाजावर घ्यावी. दिवाळीचा कार्यक्रम पार पडेपर्यंत गानवृंदाला त्रास द्यायचा नाही. रेकॉर्डिंग त्यानंतर आणि ख्रिसमसच्या सुट्टीत निम्मी मंडळी भारतात जाण्याआधी. जानेवारीत हिशेब. सहा जण कुठले घ्यायचे आणि आठ जोड्यांचा निकाल कसा वाचायचा, हे रेकॉर्डिंगच्या आधीच वहीत लिहून तारीख घालायची.

आणि तानपुऱ्याने काहीच फरक पडला नाही तर? तसे लिहायचे. घसरण दोन्हीकडे सारखी निघाली, तर काकूंना निदान कळेल की तानपुऱ्यावर भरवसा न ठेवता श्वासाकडे बघायला हवे. आपल्याला आवडले नाही म्हणून उत्तर बदलत नाही, हे सोळाव्या वर्षी समजले तर फलकावर फीत लागली काय, न लागली काय.

मंजुरी मिळेपर्यंत कोणीही मुलीकडे "मी तयार आहे हं" असे नाव देऊ नये, ही आग्रहाची विनंती. हा उत्साह नियमात बसत नाही! मंजुरी आल्यावर संमतिपत्रांचे खोके चहाच्या टेबलाशेजारी दिसेल. त्यात कोरा कागद टाकणाऱ्यांचेही तितकेच आभार.

कळावे, लोभ असावा.

— तुमची प्रयोगवहीवाली