तात्या सरपंचांच्या माघारी

गेल्या जत्रेत दशावतार उभा राहण्याची वाट पाहत देवळाच्या पायऱ्यांवर बसलो असता आमच्या वाडीतल्या मंडळींत एक वाद पेटला. 'वस्त्रहरण' नव्या संचात पुनःपुन्हा करावे की आता ते आठवणीतच राहू द्यावे, हा वादाचा विषय. एका वयस्कर काकांनी निकाल देऊन टाकला, "मच्छिंद्र नाय, मगे वस्त्रहरण कसला?" या वाक्यावर तरुण मंडळी गप्प झाली. आम्हीही त्या क्षणी गप्पच राहिलो. मात्र घरी परतताना हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना, आणि ते आम्ही पूर्वीही कुठेतरी ऐकले आहे असे वाटू लागले.

ऐकले होतेच, फक्त ते इंग्रजीत होते. बोटीवर नोकरीला असलेला आमचा एक मावसभाऊ रजेवर येताना कॅसेट घेऊन येई. त्यांतून 'लेड झेपेलिन' आणि 'क्वीन' या विलायती वाद्यवृंदांची आणि आमची ओळख झाली. शब्द कळत नसत. तरीही त्या ढोलाने छाती दणाणून जाई. झेपेलिनचा हा ढोलवादक, जॉन बॉनम, २५ सप्टेंबर १९८० रोजी वारला आणि उरलेल्या तिघांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात जाहीर करून टाकले की त्याच्यावाचून आम्हाला पुढे जाता येणार नाही. 'क्वीन'ने नेमके उलट केले. पाचगणीच्या शाळेत वाढलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ साली गेला. काही वर्षांनी इतर दोघे दुसऱ्या गायकाला आणि पुढे तिसऱ्याला घेऊन जगभर हिंडू लागले. यांत खरे कोण, यावर त्या संगीताचे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात.

आता हा योगायोग पाहा. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' व्यावसायिक रंगभूमीवर आले ते १६ फेब्रुवारी १९८० रोजी, म्हणजे झेपेलिन मोडली त्याच वर्षी. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो १ मे १९८१ चा. आणि मच्छिंद्र कांबळी गेले ते ३० सप्टेंबर २००७ रोजी. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, १० डिसेंबरला, झेपेलिनचे तिघे म्हातारे लंडनमध्ये पुन्हा एकत्र उभे राहिले आणि ढोलामागे बसला होता बॉनमचा मुलगा जेसन. प्रयोग उत्तम झाला असे सर्वांचे मत पडले. पुढे दौरा व्हावा म्हणून जगाने विनवण्या केल्या. गायक रॉबर्ट प्लांटने नकार दिला, तो कायमचा.

'वस्त्रहरणा'ची कारकीर्द आठवून पाहावी. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या गवाणकरांनी गावच्या हौशी नाटकाच्या फजितीवर 'आज काय नाटक होवचा नाय' अशा नावाने काही लिहिले होते, त्याचेच हे रूप. गावकऱ्यांना द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक करायचे असते. तालमीत गोंधळ, प्रयोगात महागोंधळ. इतकेच कथानक. आरंभी या नाटकाची अवस्था फारशी बरी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून मनापासून दाद दिली आणि पांढरपेशा प्रेक्षकांची त्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. मात्र त्याआधीपासून त्याला धरून होता तो लालबाग-परळचा चाकरमानी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, भोंगे थांबले, पगार थांबले. ज्या भाषेत मुंबईत बोलायला त्याला संकोच वाटे, ती भाषा दिव्यांच्या झगमगाटात, पैसे मोजून आलेल्या सभागृहासमोर ताठ मानेने बोलली जाते आहे, हे त्या काळात त्याने पाहिले. पुढे हे नाटक लंडनलाही जाऊन आले आणि प्रयोगांची संख्या पाच हजारांपलीकडे गेली. कांबळींचा तात्या सरपंच हा या साऱ्याचा कणा होता हे कोण नाकारील? संहितेत नसलेली वाक्ये त्यांच्या तोंडून अशी निघत की ती लेखकाची की नटाची हे ओळखता येऊ नये.

म्हणूनच काकांचे म्हणणे पटकन पटते. कांबळींनंतर संतोष मयेकर यांनी तात्या सरपंच उभा केला. तेही २०१७ मध्ये गेले. २०२५ च्या ऑक्टोबरात गवाणकरही गेले. आता मागे उरली ती संहिता.

आम्हाला मात्र काकांचा निकाल मान्य नाही, आणि त्याचे कारण ते ज्या पायऱ्यांवर बसून बोलत होते तिथेच आहे. दशावतार पाहायला आलेल्या माणसाने असे म्हणावे याचे आम्हाला नवल वाटते. आमच्या या किनाऱ्यावर पारसेकर, मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर ही नावे कुणा एका नटाची नाहीत, ती कंपन्यांची आहेत. नट येतात, म्हातारे होतात, जातात. पेटारा तोच राहतो. बाबी कलिंगण यांच्यामागे त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण राजाच्या वेषात उभे राहिले तेव्हा बाबी नाहीत म्हणून कुणी जत्रेतून उठून गेले नाही. २०२२ साली सुधीरही अकाली गेले, सारा जिल्हा हळहळला, आणि तरीही पेटारे जत्रेच्या वाटेला लागलेच. 'रात्री राजा नि सकाळी कपाळार बोजा' असे आपल्याकडे दशावताऱ्याविषयी म्हणतात, त्यातला राजा हा कधीच एका माणसाचा नव्हता. जेसन बॉनम बापाच्या ढोलामागे बसला याचे लंडनला अप्रूप वाटले. नेरूरच्या किंवा वालावलच्या प्रेक्षकाला त्यात बातमी अशी काही दिसली नसती.

अर्थात, दशावतारात हे जमते त्याला कारण आहे. तिथे लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लागत असताना आख्यान ठरते, कोण कुठे प्रवेश करणार ते ठरते, आणि संवाद मात्र ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचा. त्यामुळे मुलाला बापाची नक्कल करावी लागत नाही. पखवाज आणि पायपेटी तीच असते, वाक्ये मात्र त्याची स्वतःची असतात. 'वस्त्रहरण' हे लिहिलेले नाटक असले तरी त्याचा प्राण याच कुळातला आहे. कांबळी त्यात भर घालीत गेले ती दशावताऱ्याच्या रीतीने, त्या त्या गावाचे, त्या त्या दिवसाचे काही उचलून. आता नव्या नटाने कांबळींची १९८५ सालची भर पाठ करून म्हणायची म्हणजे काय? ध्वनिफितीत गोठलेला विनोद पुन्हा तोंडाने वाजवायचा, एवढेच. 'क्वीन'च्या नव्या गायकाविषयी एक गोष्ट चाहते कौतुकाने सांगतात, की तो फ्रेडी होऊ पाहत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच नव्या तात्यांना अजून ते धैर्य झालेले नाही. प्रेक्षकही त्यांना ते होऊ देत नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. ओळखीचे वाक्य आले की सभागृह ते आधीच म्हणून टाकते.

याच्याही पुढची एक गोष्ट आम्हाला टोचते. 'वस्त्रहरणा'ने मालवणीला रंगमंच दिला आणि त्याच वेळी तिच्या पायात एक बेडीही घातली. मालवणी म्हणजे हशा, मालवणी म्हणजे इरसाल शिवी, हा समज त्या यशाचेच अपत्य होय. वि. कृ. नेरूरकर, महेश केळुसकर यांनी या बोलीत गंभीर कविता लिहिली, पण बाहेरच्या जगाला तिची गंधवार्ता नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आकेरीच्या वाड्यात चित्रित होऊन घरोघर गेली तेव्हा मालवणीत भीतीही वाटू शकते हे लोकांना प्रथम कळले. नाटकावर प्रेम असणाऱ्यांनी हा हिशेबही मांडायला हवा. आज आमच्या वाडीतली मुले इंग्रजी शाळेत जातात आणि आजीशी मालवणीत बोलताना अडखळतात. नवे 'वस्त्रहरण' जर त्यांना फक्त चार शिव्यांची गंमत देणार असेल, तर ते न झालेले बरे.

रेवंडीच्या ग्रामदेवतेचे नाव लावणारी कांबळींची 'भद्रकाली' त्यांच्या पश्चात प्रसाद कांबळी यांनी चालवली. या संस्थेचे २०१७ चे 'संगीत देवबाभळी' हे नाटक विठोबाच्या आणि तुकोबांच्या घरातल्या दोन बायकांचे. त्यात तात्या सरपंच नाही आणि मालवणी हशाही नाही. संस्थेचा पेटारा पुढे कसा न्यावा याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. जुन्या यशाच्या पुंजीवर जगायचे तिने नाकारले, म्हणूनच जुने यश पुन्हा रंगमंचावर आणण्याचा तिला अधिकार आहे असे आम्ही मानतो.

तेव्हा पुन्हा करायचे तर आमच्या अपेक्षा थोड्या आहेत. चित्रवाणीवरचे चार ओळखीचे चेहरे गोळा करून 'खास प्रयोग' नकोत. तात्या असा हवा की ज्याचे तोंड कुणाच्या परिचयाचे नाही. कुडाळ-वेंगुर्ल्याच्या एखाद्या दशावतारी कंपनीतला असल्यास उत्तम, कारण उभ्या उभ्या बोलायची सवय तिथेच आहे. पहिला प्रयोग मुंबईत होऊ नये. परळचे दामोदर नाट्यगृह तर २०२३ साली बंद पडले आणि त्या भागातला चाकरमानी केव्हाच विरार-बदलापूरच्या पुढे पांगला. मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह आहे. त्याहूनही, एखाद्या देवळासमोरचा मांडव आहे, जिथे गावचे हौशी नाटक खरोखरच पडत असे. आणि नव्या तात्याने आजच्या सरपंचाची भाषा बोलावी, मोबाइल आणि पर्यटकांसकट.

हे सगळे आम्ही दुसऱ्या दिवशी काकांना ऐकवले. त्यांनी शांतपणे विडी पेटवली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "बघूक येतलंय मी. पण हसू इला तरच हसतलंय."