सांधे शांत, पण डोळ्यांचे काय?

संधिवात असलेल्या मुलाचे सांधे औषधांनी शांत झाले, डोळ्यांतील दाहानेही वर्षभर डोके वर काढले नाही, की आईवडील डॉक्टरांना हमखास एक प्रश्न विचारतात : आता इंजेक्शन थांबवायचे का? प्रश्न रास्त आहे. दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे वर्षाला २६ इंजेक्शने, मुलाचे रडणे, वारंवार रक्ततपासण्या आणि खर्च. आजवर या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर बहुतांशी अनुभवाच्या आधारे देत असत. २०२५ च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲडजस्ट’ या चाचणीने त्याला प्रथमच आकड्यांचा आधार दिला. ते आकडे समजून घेण्याआधी हा आजार काय आहे, ते पाहू.

सांधे आणि डोळे यांचा संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा तिचा रोख एकाच अवयवावर राहत नाही. डोळ्याच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक मधला थर असतो. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. या थराला सूज आली की त्याला युव्हिआयटिस म्हणतात. मणक्याच्या संधिवातात, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, साधारण चारपैकी एका रुग्णाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक या आजाराशी आणि डोळ्याच्या अशा झटक्यांशी निगडित आहे, हे १९७३ मध्येच लक्षात आले होते. आमवातात मात्र युव्हिआयटिसपेक्षा डोळे कोरडे पडणे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाला सूज येणे अधिक आढळते.

लाल डोळा आणि पांढरा डोळा

या आजाराची दोन रूपे आहेत आणि दोन्हीत फसगत होते, पण वेगवेगळ्या कारणांनी.

पहिले रूप मणक्याच्या संधिवातातले. एक डोळा अचानक लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते. आपल्याकडे लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ असे समीकरण पक्के आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती, ती अनेकांना आठवत असेल. साथीत डोळ्यांतून पाणी येते, चिपडे येतात, खाज सुटते, बहुधा दोन्ही डोळे सापडतात. युव्हिआयटिसमध्ये चिपडे येत नाहीत. खोलवर ठणका लागतो आणि उजेडाकडे पाहवत नाही. हा फरक न ओळखता औषधाच्या दुकानातून ड्रॉप्स आणले, तर दोन्हीकडून नुकसान होते. नुसते प्रतिजैविकाचे थेंब या दाहावर उपयोगी नाहीत. उलट स्टिरॉइड असलेले थेंब युव्हिआयटिसवर गुणकारी असले, तरी लाल डोळ्याचे कारण नागीणीचा विषाणू असेल किंवा उसाचे पाते लागून बुरशीची जखम झाली असेल, तर तेच थेंब डोळा गमावण्याची वेळ आणू शकतात. कोणता डोळा कशाने लाल झाला आहे, हे नेत्रतज्ज्ञच स्लिट लॅम्पखाली पाहून सांगू शकतात.

दुसरे रूप लहान मुलांचे आणि अधिक घातक. सोळा वर्षांखालील मुलांना होणाऱ्या संधिवाताला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए, म्हणतात. पाश्चात्त्य देशांत अशा १० ते २० टक्के मुलांना युव्हिआयटिस होतो. त्यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. डोळा पांढरास्वच्छ दिसतो आणि आत सूज चालू असते. काही महिन्यांत बाहुली भिंगाला चिकटते, डोळ्याच्या पारदर्शक भागावर चुन्याचा पट्टा जमतो, मोतीबिंदू होतो, डोळ्याचा दाब वाढतो. पालकांच्या लक्षात येते तेव्हा बऱ्याचदा नजर गेलेली असते. शाळेतल्या तक्त्यावरच्या नजरतपासणीत हा आजार सुरुवातीला सापडत नाही, कारण तेव्हा नजर चांगलीच असते.

भारतात या आजाराचे चित्र थोडे वेगळे आहे. इथे मोठ्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना होणारा, टाचा आणि कंबर धरणारा प्रकार जास्त दिसतो. त्यात डोळा लाल होऊन दुखतो. म्हणजे आपल्याकडील मुलांत दोन्ही रूपे भेटतात आणि पांढरा डोळा पाहून निर्धास्त होता येत नाही.

उपचारांच्या पायऱ्या

झटका आला की पहिला उपचार स्टिरॉइड थेंबांचा. सुरुवातीला अगदी तासातासाला, नंतर काही आठवड्यांत हळूहळू कमी करत. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब दिले जातात, म्हणजे ती भिंगाला चिकटत नाही. लाली गेली म्हणून चौथ्या दिवशी थेंब बंद करणे ही नेहमीची चूक. आतली सूज लालीच्या बरीच नंतर ओसरते.

पण थेंब वर्षानुवर्षे घालणे हाही उपाय नाही. स्टिरॉइडमुळेच मोतीबिंदू आणि काचबिंदू होतो. म्हणून थेंबांशिवाय भागत नाही असे दिसले की पोटातून घेण्याच्या औषधाकडे वळतात. त्यात मेथोट्रेक्सेट पहिले. ते जुने आहे, स्वस्त आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट’ या चाचणीत डोळ्याच्या मधल्या आणि मागच्या भागातील युव्हिआयटिसच्या २१६ रुग्णांवर मेथोट्रेक्सेट आणि त्याहून महाग मायकोफेनोलेट यांची तुलना झाली. अरविंद नेत्र रुग्णालयांचा तिच्यात सहभाग होता. महागडे औषध सरस ठरले नाही : सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के, तर मायकोफेनोलेट घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी झाले.

मेथोट्रेक्सेटबाबत एक गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत हवी. सांध्यांसाठी आणि डोळ्यांसाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जीवही जातो. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, यकृत आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर कराव्यात. गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

मेथोट्रेक्सेट पुरे पडत नाही तेव्हा पुढची पायरी अडालिमुमॅबची. दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या रेणूला बांधून ठेवणारे हे इंजेक्शन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘सिकॅमोर’ चाचणीत मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या ९० मुलांपैकी काहींना अडालिमुमॅब, तर काहींना नुसते द्रव दिले गेले. औषध मिळालेल्या गटात उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण २७ टक्के होते, दुसऱ्या गटात ६० टक्के. याच कुळातील इटानरसेप्ट सांध्यांना आराम देते, पण डोळ्यांचे तितके रक्षण करत नाही. त्यामुळे संधिवाताचे डॉक्टर औषध निवडत असताना ‘डोळ्याला कधी त्रास झाला होता का’, हा प्रश्न निर्णायक ठरतो. त्यांनी विचारला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.

भारतात या इंजेक्शनपूर्वी क्षयाची तपासणी अटळ आहे. शरीरात सुप्त असलेला क्षय या औषधाने जागा होऊ शकतो. शिवाय क्षयामुळेही युव्हिआयटिस होतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी ‘उगाच’ सांगितली, असे समजू नये.

थांबवायचे कधी?

आता पुन्हा ‘ॲडजस्ट’कडे. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील केंद्रांत ज्यांचा डोळ्यांचा दाह अडालिमुमॅबवर किमान वर्षभर आटोक्यात होता, अशा ८७ रुग्णांची निवड झाली. निम्म्यांचे औषध चालू ठेवले, निम्म्यांना त्याऐवजी औषध नसलेले इंजेक्शन दिले. ४८ आठवड्यांत औषध थांबलेल्या गटात ६८ टक्के रुग्णांचा दाह उलटला, चालू ठेवलेल्यांत १४ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

या आकड्यांचा अर्थ काय? वर्षभर डोळा शांत आहे म्हणजे आजार गेला, असे नाही. तो औषधाने दबलेला आहे. पण चाचणीत दिलासा देणारी बाजूही आहे. जवळपास एक तृतीयांश मुले त्या काळात औषधाविना ठीक राहिली. ज्यांचा दाह उलटला, त्यांचा तो औषध पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. म्हणजे औषध थांबवून पाहणे हा गुन्हा नाही, मात्र त्यानंतर डोळ्यांवर पहारा हवा. किमान दोन वर्षे दाह पूर्ण शांत असल्याखेरीज औषध कमी करू नये, ही अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस या पार्श्वभूमीवर अधिक वजनदार वाटते. धोका आहे तो कोणालाही न सांगता, पैसे संपले म्हणून किंवा मूल ‘बरे दिसते’ म्हणून इंजेक्शन बंद करण्यात. पांढऱ्या डोळ्याच्या आजारात उलटलेला दाह दिसत नाही. तो कळतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

आणि पैसे संपतात, हे वास्तव आहे. अडालिमुमॅबची जगातील पहिली नक्कल-आवृत्ती, म्हणजे बायोसिमिलर, डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने भारतात आणली, तीही अमेरिकेतील किमतीच्या साधारण एक पंचमांश दरात. पेटंटच्या तटबंदीमुळे अमेरिकेला त्यासाठी २०२३ उजाडावे लागले. आपण याबाबत पुढे होतो, तरी वर्षानुवर्षे चालणारे हे औषध मध्यमवर्गीय घरालाही जड जाते. आयुष्मान भारतसारख्या योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी टोचायच्या इंजेक्शनला त्या चौकटीत सहज जागा मिळत नाही. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत इंजेक्शनवाटे दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा आधुनिक उपचारांत समावेश आहे, पण पॉलिसीतील उपमर्यादा आणि अटी वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आपली अंधत्व नियंत्रणाची यंत्रणा मोतीबिंदू आणि चष्म्याभोवती उभी राहिली, तिने मोठे कामही केले. पण दाहामुळे मुलाला झालेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दाह शांत न करता केली, तर डोळा आणखी बिघडतो. इथे शस्त्रक्रियेइतकाच औषधाचा सलग पुरवठा महत्त्वाचा आहे.

त्या पुरवठ्याचा प्रश्न सुटेपर्यंत एक गोष्ट मात्र आजही शक्य आहे, आणि ती स्वस्त आहे. स्लिट लॅम्पची तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही आणि साधारणपणे प्रत्येक नेत्रतज्ज्ञाकडे होऊ शकते. जेआयएचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाला ती लगेच व्हायला हवी. धोका जास्त असलेल्या, म्हणजे सात वर्षांखाली आजार सुरू झालेल्या आणि रक्तात एएनए आढळलेल्या मुलांना पुढे दर तीन महिन्यांनी. स्टिरॉइड थेंब कमी केले किंवा बदलले की महिन्याच्या आत. मोठ्यांसाठी नियम सोपा आहे : मणक्याचा संधिवात असेल आणि डोळा लाल होऊन उजेड सोसेना, तर दुकानाऐवजी एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञ गाठा. उलट, ज्यांचा डोळा वारंवार असा लाल होतो आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते, त्यांनी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. आयर्लंडमधील एका अभ्यासात अशा डोळ्याच्या झटक्यासाठी आलेल्या, कारण न सापडलेल्या सुमारे ४० टक्के रुग्णांत निदान न झालेला मणक्याचा संधिवात निघाला होता.

दोन्ही डॉक्टरांची कागदपत्रे एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल दोघांनाही दाखवा. इंजेक्शन थांबवण्याचा निर्णय दोघांच्या संमतीने होऊ द्या, आणि पुढच्या डोळेतपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या.